पवनीच्या वाटा आणि गाडीतले मोड : एक प्रस्तावना

घरची गाडी म्हणून घेतलेल्या एसयूव्हीत गिअरच्या जवळ हल्ली एक गोल खटका किंवा दोन-तीन बटणे असतात. कुठे इको, सिटी आणि स्पोर्ट. कुठे स्नो, मड आणि सँड. टाटांच्या हॅरिअरमध्ये रफ आणि वेट, महिंद्राच्या काही गाड्यांत झिप, झॅप आणि झूम. शोरूममध्ये किल्ली हाती देताना विक्रेता ती सगळी एकेकदा दाबून दाखवतो. पडद्यावरचा रंग बदलला की मुले खूश होतात. मग पेढे वाटले जातात, गाडी घरी येते आणि पुढची कित्येक वर्षे एकाच मोडवर चालते. कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले असते : ‘आहे खरे ते बटण, पण आपल्याकडे त्याचे काय काम?’

हा प्रश्न रास्त आहे आणि ही प्रस्तावना त्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठीच लिहिली आहे. यंत्रशास्त्राची आवड नसलेल्या वाचकांनीही दोन पाने सोबत यावे, एवढीच विनंती. विषय वरकरणी बटणांचा असला तरी त्याच्या मुळाशी रस्ता आहे, माती आहे, पाऊस आहे. आणि या तिन्हींबद्दल पवनीच्या माणसाला शहरातल्या गाडीतज्ज्ञापेक्षा काकणभर जास्तच ठाऊक असते.

विषय समजून घ्यायला पवनी का निवडावी, हे आधी सांगायला हवे. नागपूरहून उमरेड, भिवापूर करत सुमारे ८० किलोमीटर आले की वैनगंगेच्या काठचे हे जुने गाव लागते. कोणी पंचमुखी गणेशाच्या दर्शनाला येतात, कोणी घाटांवर धार्मिक कार्यासाठी. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात प्राचीन स्तूप उजेडात आला, तो परिसर पाहायला काही अभ्यासू येतात. तर उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघ पाहायला बरेच जण. एका दिवसाच्या अशा फेरीत गाडीखालून गुळगुळीत महामार्ग जातो, गावातल्या अरुंद गल्ल्या जातात, मुरमाचा जंगलरस्ता जातो, आणि वाटेत एखाद्या नातेवाइकाच्या शेतावर जायचे ठरले तर शेतांमधली पांदणही. वर्षाला सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बहुतेक चार महिन्यांत कोसळणारा, आणि मे महिन्यात पंचेचाळिशी गाठणारे ऊन. एका गाडीला इतक्या परीक्षा द्यायला लावणारी जागा पुण्या-मुंबईच्या माणसाला सुटी काढून शोधावी लागते.

आता मुद्द्याकडे येऊ. आजच्या गाडीला पुष्कळ गोष्टी कळतात. प्रत्येक चाक किती वेगाने फिरते, स्टिअरिंग किती वळले आहे, गाडी कोणत्या बाजूला ओढली जाते आहे, हे तिचे सेन्सर क्षणोक्षणी मोजत असतात. पण चाकाखालच्या जमिनीची घसरण तिला कळते ती चाक घसरू लागल्यावर. पन्नास पावलांवर रस्ता काळा आहे की तांबडा, त्यावर चिखल आहे की नुसते पाणी, हे तिला आधी दिसत नाही. ते तुम्हाला दिसते. मोड ही ती आधीची माहिती गाडीला देण्याची सोय आहे. ‘पुढे असे आहे, त्या बेताने वाग’ असा निरोप आपण त्या बटणाने धाडतो. निरोप चुकीचा गेला, तर गाडी आज्ञाधारकपणे चुकीचे वागते. सारी मेख इथे आहे. बाकीचा तपशील या एका गोष्टीभोवती लावून घेता येतो.

त्या तपशिलातली पहिली गोष्ट ॲक्सिलरेटरची. जुन्या गाडीत पेडलपासून इंजिनापर्यंत तार जात असे. जितके दाबाल तितके इंजिन उघडे. आता तिथे फक्त एक विजेचा संदेश जातो आणि त्याचा अर्थ संगणक लावतो. इको मोडमध्ये पेडल अर्धे दाबले तरी तो इंजिनाकडून बेताचाच जोर मागतो. स्पोर्टमध्ये तेवढ्याच दाबाला भरभरून. ऑटोमॅटिक गाडी असेल तर इकोमध्ये गिअर लवकर वर चढतात आणि स्पोर्टमध्ये उशिरापर्यंत खालीच राहतात. काही गाड्यांत स्टिअरिंगही जड होते. बहुतेक गाड्यांत यामुळे इंजिनाची कमाल ताकद बदलत नाही, ती हाती येण्याची घाई बदलते. तेव्हा ‘स्पोर्टला टाकली की गाडी जास्त ताकदवान होते’ हा पारावरचा समज वाचकांनी मनातून काढून टाकावा.

इको मोडवर इंधन वाचते हे खरे. मात्र ते कुठे वाचते, हे पाहावे. उमरेडच्या रस्त्यावर पाय स्थिर ठेवून एका वेगाने गाडी चालत असेल, तर इको आणि सिटी यांत फारसे अंतर पडत नाही. अंतर पडते ते थांबत, निघत, पुन्हा थांबत जाण्यात, म्हणजे बाजाराच्या दिवशी गावातून जाताना. उन्हाळ्यात आणखी एक गंमत होते. काही गाड्या इकोमध्ये एसीचा कॉम्प्रेसरही हात राखून चालवतात. दुपारच्या दोन वाजता मागच्या सीटवरून ‘एसी बिघडला का रे?’ असा आजीचा आवाज आला, तर मेकॅनिककडे जाण्याआधी मोड बघावा. आणि धानाची पोती भरलेल्या ट्रकमागे दोनपदरी रस्त्यावर अडकला असाल, तर ओलांडून जाण्याआधी इको सोडावे, ओलांडताना नव्हे. समोरून येणाऱ्या गाडीचे अंतर मोजत असताना बटण शोधायची वेळ येऊ नये.

स्पोर्टबद्दल माझे मत थोडे कडवट आहे. एकट्याने चालवताना, मोकळ्या रस्त्यावर त्यात मजा आहे, नाकारत नाही. पण ही गाडी कुटुंबाची आहे. तिसऱ्या रांगेत बसलेल्या मुलांना पोटात ढवळते ते वळणांपेक्षा या धसमुसळ्या वेग-घेण्याने जास्त. चालवणाऱ्याच्या पायाला जो ‘झटपट प्रतिसाद’ वाटतो, तो मागे बसलेल्याच्या मानेला हिसका असतो.

आता मातीकडे वळू. या विषयाचा खरा गाभा तिथे आहे. पूर्व विदर्भातल्या शेतकऱ्याने आपल्या जमिनीची वर्गवारी कधीच करून ठेवली आहे : कन्हार, मोरांड, खर्डी, सिहार, बरडी. काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी कन्हार पावसात टायरच्या खाचा क्षणात बुजवून टाकते. रेतीचा अंश असलेली, धानाला मानवणारी सिहार तुलनेने लवकर वाट देते. गोट्या-मुरमाची बरडी भर पावसातही बऱ्यापैकी धरून ठेवते. गाड्या बनवणाऱ्यांनी मड, सँड, ग्रॅव्हल असे जे भाग पाडले, ते याच कामाचे आहेत, फक्त ढोबळ. जो माणूस धानाच्या बांधीत उतरण्याआधी मातीचा पोत पायाने ओळखतो, त्याला टेरेन मोड, म्हणजे जमिनीप्रमाणे बदलणारा मोड, शिकवावा लागत नाही. कोणत्या बटणामागे काय दडले आहे तेवढे सांगावे लागते.

ते असे. मड मोड चाकांना थोडे घसरू देतो. हे ऐकून नवखा वाचक दचकेल, पण कारण सरळ आहे : खाचांत कन्हार भरली की टायर गुळगुळीत होतो; चाक थोडे जादा फिरले तरच ती माती झटकली जाते आणि खाचा पुन्हा पकड घेतात. सँड मोडही घसरण सहन करतो, कारण खोल रेतीत गाडीची गती मोडली की चाके रुततात. तिथे घसरण आवरणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलने मध्येच जोर कापला तर गाडी जागीच बसते. स्नो किंवा वेट मोडचे धोरण याच्या नेमके उलट. तो पेडल मवाळ करतो, जोर हळूहळू सोडतो, आणि चाक जरा घसरले की लगेच आवरतो.

म्हणून निवड करताना चिखल आहे की रेती, एवढेच पाहून भागत नाही. त्या थराखाली काय आहे, हे आधी पाहावे. रोवणीच्या दिवसांत, जुलै-ऑगस्टमध्ये, चिखलणी करून लोखंडी केजव्हीलचा ट्रॅक्टर बांधीतून बाहेर निघतो आणि डांबरावर चिखलाची साल सोडून जातो. त्यावर पावसाची एक सर आली की ओल्या साबणावरून चालल्यागत होते. दिसायला हा चिखल आहे, म्हणून हात मडकडे जातो. पण खाली टणक डांबर आहे. चाकाला माती झटकायची नाही, घसरायचेच नाही. इथे वेट हवा. तीच गोष्ट रेतीची. नदीकडून येणाऱ्या ट्रकांमधून वळणावर सांडलेली रेती म्हणजे डांबरावरचा पातळ थर. तिथे सँड मोड लावणे म्हणजे गाडीला ‘घसर, हरकत नाही’ असे सांगणे होय.

ज्या गाड्यांवर वेट नाही, त्यांच्यावर कधीकधी स्नो असतो. २०२० च्या क्रेटापासून ऑटोमॅटिक गाड्यांत स्नो, मड आणि सँड असे तीन मोड मिळतात, आणि त्यातल्या स्नोला आपल्याकडे सगळे हसतात. पवनीत बर्फ पडत नाही, हे निर्विवाद. पण मवाळ पेडल आणि घसरणीला लगाम हे त्याचे गुण रोवणीच्या दिवसांतल्या डांबरी रस्त्यावर मडपेक्षा जास्त उपयोगी पडतात. त्या गाडीवरचे सर्वांत परके वाटणारे बटण इथे कदाचित सर्वांत कामाचे ठरेल. आपल्या गाडीची हस्तपुस्तिका त्याबद्दल काय म्हणते, हे वाचून मगच वापरावे, हे ओघाने आलेच.

आणि एक पृष्ठभाग असा आहे, ज्याचे चित्र कुठल्याच कंपनीच्या बटणावर नाही. हलक्या जातींच्या कापणीनंतर, दिवाळीच्या मागेपुढे, रस्त्याच्या कडेला धान वाळत घातलेले असते आणि कडेचा पसारा हळूहळू मध्यापर्यंत येतो. कोरडे दाणे टायरखाली छर्‍यांसारखे लोळतात. त्यावर ब्रेक दाबला की एबीएसची थरथर पायाला जाणवते आणि गाडी अपेक्षेपेक्षा पुढे जाऊन थांबते. वेट किंवा स्नो असेल तर लावावा. खरा उपाय म्हणजे लांबूनच वेग उतरवणे आणि त्या पट्ट्यावर ब्रेक दाबणे आणि स्टिअरिंग वळवणे दोन्ही शक्यतो टाळणे.

इथवर ज्या मोडांबद्दल बोललो, त्यांतले बरेच दोनच चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत येतात. नेक्सॉन, हॅरिअर, क्रेटा आणि सेल्टॉस यांच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत जोर पुढच्या चाकांकडेच जातो. मड मोड लावल्याने त्या फोर-बाय-फोर होत नाहीत. त्यांच्यात घडते ते इतकेच : साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखा जोर देतो, म्हणून एक चाक रिकामे गरगरू लागले की दुसऱ्यालाही तेवढाच नगण्य जोर पोहोचतो. अशा वेळी गाडी गरगरणाऱ्या चाकाला स्वतःच ब्रेक लावते. तिथे विरोध तयार झाला की पकड असलेल्या चाकाला जोर मिळू लागतो. युक्ती चांगली आहे, पण तिला मर्यादा आहेत, आणि त्या पांदणीवर लवकर उघड्या पडतात. ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या आणि मधला उंचवटा यांत गाडीचे पोट टेकले, की चाकांना जमिनीचा आधारच राहत नाही. मग मोड कोणताही असो, ट्रॅक्टरला दोर बांधावा लागतो. सगळ्या मोडांच्या वर टायर असतो, हेही इथेच सांगून टाकतो. झिजलेल्या टायरच्या गाडीत सहा मोड असण्यापेक्षा चांगल्या टायरच्या गाडीत एकही मोड नसणे परवडते.

ज्यांच्याकडे खरी फोर-बाय-फोर आहे, त्यांची परंपरा जुनी आहे आणि ती महाराष्ट्रात रुजलेली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईत महिंद्राने विलीज जीप जुळवायला सुरुवात केली. त्या जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे असत : एक पुढचा एक्सल जोडायला, दुसरा हाय-लो बदलायला. मोड म्हणतात तो हाच, फक्त हाताने चालणारा. अभयारण्यांत सफारीसाठी धावलेली मारुती जिप्सी, १९८५ ची, त्याच घराण्यातली. जमिनीप्रमाणे गाडीचे वागणे एका खटक्यावर बदलण्याची कल्पना लँड रोव्हरने २००४ मध्ये डिस्कव्हरी ३ वर टेरेन रिस्पॉन्स या नावाने आणली. २००८ मध्ये ती कंपनी टाटांकडे आली आणि २०१९ च्या जानेवारीत बाजारात आलेल्या हॅरिअरवर तेच नाव दिसले. दोन वर्षे आधी, २०१७ मध्ये, टाटांच्याच नेक्सॉनवर इको, सिटी, स्पोर्ट हे तीन मोड आले होते. २०२२ च्या स्कॉर्पिओ-एनमध्ये चारही चाकांच्या जोडणीसोबत चिखल, रेती, खडी यांसाठी वेगळे मोड आले. पिंपरी, रांजणगाव, चाकण आणि नाशिक येथील कारखान्यांत टाटा आणि महिंद्राच्या बऱ्याच गाड्या घडतात. पवनीच्या चिखलात अडकणारी आणि त्यातून सुटणारी बरीच यंत्रे याच राज्यात जन्मलेली आहेत, याचा थोडा अभिमान वाटला तर गैर नाही.

पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाके जोडणाऱ्या, फोर-बाय-फोरबद्दल एक गोष्ट मात्र ठळकपणे लक्षात ठेवावी. फोर-एचमध्ये, म्हणजे चारही चाके हायमध्ये जोडल्यावर, पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना जखडलेले असतात. वळताना पुढची चाके मोठे वर्तुळ कापतात, मागची लहान. चिखलात हा फरक चाके थोडी घसरून भरून काढतात. कोरड्या डांबरावर त्यांना घसरता येत नाही, ताण शाफ्ट आणि गिअरांत साठत जातो, स्टिअरिंग जड होते, गाडी अडखळते. पांदण संपून रस्ता लागला की फोर-एच काढावा. फोर-एल, म्हणजे लो, लावायचा तर गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये. त्यात चाकांकडे जाणारा जोर सुमारे अडीच पट होतो आणि वेग त्याच प्रमाणात घटतो. खरे सांगायचे तर पवनीच्या सपाट मुलखात तो क्वचित लागतो. चढणीवर, किंवा रुतलेले काही ओढून काढताना तेवढा.

पाण्याबद्दल मात्र हात आखडता घेणार नाही. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेला पूर भंडारा जिल्ह्यातले लोक विसरलेले नाहीत. गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की नदीकाठच्या गावांत पाणी वाढू लागते, नाल्यांना फुगवटा येतो आणि रपटे, म्हणजे ठेंगणे पूल, बुडतात. वाहते पाणी जेमतेम एक फूट असले तरी छोटी गाडी उचलली जाऊ शकते. दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहतात, एसयूव्हीसुद्धा. जाहिरातीत गाडी पाणी उडवत जाते ते थांबलेले, मोजलेले पाणी असते. रपट्यावरून पाणी वाहत असेल, तर त्यासाठी मोड नाही. गाडी वळवावी.

या विषयाकडे कसे यावे? आधी हस्तपुस्तिकेतले मोडांचे पान काढा आणि आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे ते ओळखा : नुसते इंजिन-गिअरचे मोड, की जमिनीचेही, की चारही चाकांची जोडणीसुद्धा. मग एखाद्या सकाळी, रस्ता मोकळा असताना, एकाच सरळ पट्ट्यावर, एकाच वेगाने, पाय एकसारखा ठेवत मोड बदलून बघा. घरातल्या एकाला मागे बसवा आणि त्याला काय जाणवते ते विचारा. पीक निघालेले शेत आणि मालकाची परवानगी मिळाली, तर हिवाळ्यात जमिनीचे मोड तिथे निर्धास्त शिकता येतात. पावसाळ्यात, अडकल्यावर शिकायला बसू नये. गाडी बंद करून चालू केल्यावर मोड तोच राहतो की मूळ जागी परततो, हेही एकदा पाहून ठेवा. गाडीगणिक ते वेगळे असते.

ज्यांची गाडी साधी, दोन-तीन मोडांची आहे, त्यांनी इको आणि ओलांडण्याच्या गोष्टीपासून सुरुवात करावी. ज्यांचे शेत पांदणीच्या शेवटी आहे, त्यांनी आधी टायर आणि मग माती वाचावी. आणि ज्यांनी विजेवरची गाडी घेतली आहे, त्यांनी पहिल्यांदा पाहावे ते पेडलवरून पाय उचलल्यावर काय होते. त्या गाड्यांत मोटरच वेग उतरवते आणि बॅटरीत वीज परत भरते. याला रीजन म्हणतात आणि त्याची पातळी बहुतेक गाड्यांत चालवणाऱ्याला ठरवता येते. कोरड्या महामार्गावर ती जास्त ठेवली तर फायद्याची, पण केजव्हीलने सोडलेल्या ओल्या सालीवर पाय एकदम उचलला की तीच चाकाला घसरवू शकते. तेवढ्या तुकड्यापुरती ती खाली आणावी.